‘आमच्या माणसावर प्रयोग नको’

मावशीला पहिली शंका आली ती दाराच्या चौकटीवरून. उजवा डोळा झाकून पाहिलं की समोरची उभी चौकट मधोमध दबल्यासारखी दिसायची. तिला वाटलं लाकूड वाकलं असेल, म्हणून तिनं जवळ जाऊन चौकटीवरून हात फिरवला. चौकट सरळ होती. तपासणीत कळलं की डाव्या डोळ्याच्या पडद्याची मधली जागा वयामुळे झिजली आहे, तिथं कच्च्या रक्तवाहिन्या फुटल्या आहेत आणि पडद्याखाली पाणी झिरपतंय. उपाय होता डोळ्यात इंजेक्शन घेण्याचा. तो समजावून सांगतानाच डॉक्टरांनी चार पानांचं एक संमतिपत्र पुढं केलं. एक चाचणी चालू होती. काही रुग्णांना इंजेक्शन दर महिन्याला ठरल्याप्रमाणे द्यायचं, काहींना दर महिन्याला तपासून गरज वाटली तरच द्यायचं. कोण कुठल्या गटात जाणार ते संगणक ठरवणार. दोन्हींपैकी कुठली पद्धत सरस हे अजून नक्की माहीत नाही, असं डॉक्टरांनी मोकळेपणानं सांगितलं. मी ती चार पानं अर्धीही न वाचता परत केली. म्हटलं, “आमच्या माणसावर प्रयोग नको.”

डॉक्टरांनी आग्रह केला नाही. “बरं, मग आपण गरज पाहून देऊ,” ते म्हणाले, आणि मी समाधानानं मावशीला घेऊन घरी आले.

त्या समाधानातली चूक माझ्या लक्षात यायला बरेच महिने लागले. ज्या दोन पद्धतींपैकी चांगली कोणती हे कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यातलीच एक मावशीच्या वाट्याला आली होती. निवड डॉक्टरांच्या अंदाजानं झाली, एवढाच फरक. प्रयोग टळला नव्हताच. त्याची नोंद ठेवणारं मात्र आता कोणी नव्हतं.

डोळ्यांच्या आजारांवर होणाऱ्या संशोधनाकडे आपण ज्या नजरेनं पाहतो, ती बदलायला हवी असं मला मनापासून वाटतं. ज्या उपचाराबद्दल खात्री नाही तो तुलना न करता, हिशेब न ठेवता देत राहणं हाच रुग्णावरचा सर्वांत वाईट प्रयोग. त्यात धोका सगळा रुग्णाचा, आणि त्यातून शिकत कोणीच नाही. नीट आखलेली चाचणी हा चांगल्या उपचाराचाच भाग मानला गेला पाहिजे. आणि ज्या प्रश्नांच्या उत्तरात कोणत्याही कंपनीचा नफा नाही, त्यांच्यासाठी लोकांच्या पैशातून चाचण्या झाल्या पाहिजेत.

औषधाला ‘गुण आला’ असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय झालेलं असतं? माणूस आजारी होता, औषध घेतलं, मग बरं वाटलं. या तीन गोष्टी एकामागून एक घडल्या, एवढंच आपल्याला माहीत असतं. मधली गोष्ट गाळली असती तर तिसरी घडली नसती, हे आपण मनानं जोडतो. डोळ्यांच्या बाबतीत ही जोडणी फार फसवी ठरते. डोळ्यांचे कित्येक आजार आपले आपण मागं हटतात, काही एका पायरीवर येऊन वर्षानुवर्षं थांबतात, काहींत नजर महिन्या-महिन्याला कमी-जास्त होत राहते. डॉक्टरांकडे आपण धावतो ते नजर सर्वांत वाईट असते तेव्हा. त्यानंतर ती थोडी सुधारण्याची शक्यता तशीही जास्त. अशा वेळी शेवटचा थेंब ज्याच्या हातचा, त्याच्या नावावर हातगुण जमा होतो.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण कमी दिवसांच्या बाळांचं आहे. १९४२ मध्ये बोस्टनमध्ये थिओडोर टेरी या नेत्रतज्ज्ञांनी अशा बाळांच्या डोळ्यांतला एक नवा आजार नोंदवला. बाळाच्या डोळ्याच्या भिंगामागं पांढुरका पडदा तयार व्हायचा आणि बाळ आंधळं व्हायचं. पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे १०,००० बाळांची दृष्टी या आजारानं गेली. ती अधिक गेली सुसज्ज रुग्णालयांमध्ये, जिथं काचेच्या पेट्या होत्या, प्राणवायूच्या नळ्या होत्या, रात्रंदिवस जागणाऱ्या परिचारिका होत्या. कारण कोणालाच कळेना. जीवनसत्त्वं, दूध, उजेड, सगळ्यांवर संशय घेऊन झाला.

न्यूयॉर्कमध्ये विल्यम सिल्व्हरमन हे तरुण बालरोगतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे अशाच एका बाळाचे डोळे बिघडू लागले. आईची आधीची गरोदरपणं टिकली नव्हती. हे बाळ नवसासारखं. तेव्हा नुकतंच एसीटीएच नावाचं संप्रेरक हाती आलं होतं. ते देऊन पाहिलं आणि बाळाचे डोळे सुधारले. मग एकूण ३१ बाळांना ते दिलं गेलं; त्यातली २५ चांगल्या नजरेनं घरी गेली. त्याच शहरातल्या दुसऱ्या रुग्णालयात हे औषध दिलं जात नव्हतं. तिथं अशी ७ बाळं होती आणि त्यातली ६ आंधळी झाली. एका बाजूला ३१ पैकी २५ वाचली, दुसरीकडे ७ पैकी १. इतका ढळढळीत फरक समोर असताना आणखी चाचणी कशाला, असंच कोणीही म्हणेल. सिल्व्हरमन आणि त्यांचे सहकारी मात्र थबकले. दोन रुग्णालयांतली बाळं सारखीच होती का, हा प्रश्न त्यांच्या मनातून जाईना. त्यांनी एका पेटीत निळ्या आणि पांढऱ्या गोट्या ठेवल्या आणि गोटी काढून बाळाला औषध द्यायचं की नाही ते ठरवायला सुरुवात केली.

निकाल उलटा लागला. औषध दिलेल्या बाळांपैकी साधारण एक तृतीयांश आंधळी झाली. न दिलेल्यांपैकी एक पंचमांश. वर औषध दिलेल्या गटात मृत्यूही जास्त झाले. सुरुवातीच्या टप्प्यातला हा आजार बहुतेक बाळांमध्ये आपला आपणच मागं हटतो, हे पुढं स्पष्ट झालं. म्हणजे त्या २५ बाळांचे डोळे सुधारले ते बहुधा औषधाशिवायही सुधारलेच असते. ती गोट्यांची पेटी मध्ये आली नसती तर हे संप्रेरक जगभर पसरलं असतं, आणि प्रत्येक बरं झालेलं बाळ त्याच्याच बाजूनं साक्ष देत राहिलं असतं.

खरं कारण प्राणवायू होता. मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी १९५१ मध्येच तसा संशय बोलून दाखवला होता. वॉशिंग्टनमध्ये आर्नल पॅट्झ यांना याची रीतसर तुलना करायची होती, तर सरकारी निधी मिळेना. बाळांचा प्राणवायू कमी करणं अनैतिक आहे, असं उत्तर आलं. त्यांनी भावाकडून उसने पैसे घेऊन काम सुरू केलं. तिथल्या काही परिचारिका रात्री गुपचूप प्राणवायूचा कॉक पुन्हा वाढवत. मला त्या परिचारिकांचा राग येत नाही. काचेआड निळसर पडलेलं मूठभर बाळ दिसत असताना कुठल्या बाईचा हात कॉककडे जाणार नाही? मायेपोटीच त्या ते करत होत्या, आणि त्याच मायेच्या हातानं बाळांची दृष्टी जात होती. अखेर १९५३-५४ मध्ये १८ रुग्णालयांनी मिळून चाचणी केली आणि निकाल निर्विवाद लागला: भरपूर प्राणवायू सरसकट देत राहण्यानं डोळे जात होते.

ही गोष्ट इथं संपवली जाते, तशी ती संपत नाही. त्या चाचणीत बाळं घेतली गेली ती जन्मानंतर ४८ तास उलटल्यावर. पहिल्या दोन दिवसांत, जेव्हा अशी बाळं सर्वांत जास्त दगावतात, तेव्हा कमी प्राणवायूनं काय होतं, हे त्यात तपासलंच गेलं नव्हतं. तरी निकाल हाती येताच सगळीकडे प्राणवायूला कडक लगाम बसला. अंधत्व घटलं, पण १९७३ मध्ये ब्रिटनचे केनेथ क्रॉस यांनी मांडलेला अंदाज असा होता की वाचलेल्या प्रत्येक दृष्टीमागं सुमारे १६ बाळांचे जीव गेले असावेत. मग नेमका किती प्राणवायू योग्य? या साध्या प्रश्नावर मोठी चाचणी व्हायला एकविसावं शतक उजाडलं. १,३१६ बाळांवरच्या अमेरिकी चाचणीचा निकाल २०१० मध्ये आला. रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण ८५ ते ८९ टक्के ठेवलेल्या गटात डोळ्यांचा गंभीर आजार ८.६ टक्के बाळांना झाला, ९१ ते ९५ टक्के ठेवलेल्या गटात १७.९ टक्क्यांना, पण रुग्णालयातून घरी जाण्याआधीचे मृत्यू पहिल्या गटात १९.९ टक्के आणि दुसऱ्यात १६.२ टक्के होते. डोळा आणि जीव यांची अशी ओढाताण कोणत्याही एका डॉक्टरच्या अनुभवात दिसणं शक्य नाही. एकेका डॉक्टरला दिसतं ते एकेक बाळ, आणि प्रत्येक बाळाच्या बाबतीत काही ना काही कारण सापडतंच.

“अनुभवी हातावर आमचा विश्वास आहे” असं म्हणणाऱ्यांना मी आणखी एक उदाहरण देते. डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा अचानक तुटून नजर जाण्याचा एक आजार आहे. सकाळी उठल्यावर माणसाला अर्धं जगच दिसत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीला त्यावर नसेचं आवरण उघडण्याची शस्त्रक्रिया पुढं आली. सुरुवातीच्या रुग्णांत सुधारणा दिसली, बातमी पसरली, शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागली. या आजारात नजर आपोआप परतत नाही असा ठाम समज होता, त्यामुळे जी काही सुधारणा व्हायची ती शस्त्रक्रियेच्याच खाती जमा. मग अमेरिकेत २४४ रुग्णांवर तुलना झाली आणि १९९५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी तक्त्यावरच्या तीन ओळी किंवा जास्त सुधारणा झालेले रुग्ण शस्त्रक्रियेच्या गटात ३२.६ टक्के होते, आणि नुसतं लक्ष ठेवलेल्या गटात ४२.७ टक्के. तीन ओळींनी नजर आणखी घटलेले शस्त्रक्रियेच्या गटात २३.९ टक्के, दुसऱ्यात १२.४ टक्के. नजर परतत नाही हा समज खोटा होता, आणि शस्त्रक्रिया अपायकारक असू शकत होती. ती करणारे शल्यविशारद प्रामाणिक होते, कुशल होते, त्यांचे रुग्ण त्यांना दुवा देत होते. तुलना झाली नसती तर आजही ती होत राहिली असती.

निसर्गानं डोळे दोन दिले, ही संशोधनाच्या दृष्टीनंही मोठी देणगी आहे. एका डोळ्यावर उपचार करायचा, दुसरा तसाच ठेवायचा; वय, रक्तातली साखर, स्वभाव, सवयी सगळं सारखं, कारण माणूसच एक. मधुमेहामुळे पडद्यावर होणाऱ्या आजारात लेसरचा उपयोग होतो का, हे १९७० च्या दशकात अमेरिकेत १,७०० हून अधिक रुग्णांवर असंच तपासलं गेलं. दोन वर्षांत लेसर न केलेल्या डोळ्यांपैकी सुमारे १६ टक्के डोळ्यांची नजर जवळपास गेली. केलेल्यांपैकी ६ टक्के. हे दिसताच १९७६ मध्ये नियम बदलून दुसऱ्या डोळ्यावरही लेसर करायची मुभा दिली गेली. चाचणीवर देखरेख करणारी स्वतंत्र समिती डोळ्यांत तेल घालून आकडे पाहत असते ती यासाठीच. इथं चाचणीनं उपचाराच्या बाजूनं कौल दिला आणि कित्येकांचे डोळे वाचले. उलट चीनमध्ये ८८९ जणांवर असंच तपासलं गेलं की डोळ्यातला कोन अरुंद असलेल्यांना काचबिंदू होण्याआधीच लेसरनं छिद्र पाडून द्यावं का. सहा वर्षांत लेसर केलेल्या १९ डोळ्यांत आणि न केलेल्या ३६ डोळ्यांत बिघाड झाला. फायदा होता, पण धोकाच मुळात इतका कमी निघाला की सरसकट सगळ्यांना लेसर करू नये, असा निष्कर्ष २०१९ मध्ये मांडला गेला. किती निरोगी डोळे लेसरविना सुटले असतील याचा विचार करा.

लहान मुलांच्या पालकांना तर या चाचण्यांचे आभारच मानायला हवेत. ‘आळशी डोळा’ असलेल्या मुलाचा चांगला डोळा पट्टीनं झाकायचा असतो. दिवसभर पट्टी लावलेलं चार वर्षांचं मूल ज्यांनी सांभाळलंय त्यांना ती रोजची रडारड ठाऊक आहे. २००३ मध्ये १८९ मुलांवर झालेल्या चाचणीनं दाखवलं की मध्यम स्वरूपाच्या आळशी डोळ्याला रोज दोन तासांची पट्टी सहा तासांच्या पट्टीइतकीच उपयोगी पडते. रोजचे चार तास मुलांना परत मिळाले. कुठल्या कंपनीला या प्रश्नात रस असणार होता? पट्टी कमी खपावी यासाठी कोण पैसे घालेल?

चष्म्याचा नंबर वाढू नये म्हणून मुलांना दिल्या जाणाऱ्या ॲट्रोपिनच्या थेंबांची गोष्ट अजून चालूच आहे. सिंगापूरच्या २०१२ च्या अभ्यासानंतर ०.०१ टक्क्याचे अगदी सौम्य थेंब जगभर लोकप्रिय झाले. पण त्या अभ्यासात नुसतं पाणीवजा औषध दिलेला गटच नव्हता. तुलना आधीच्या अभ्यासातल्या मुलांशी केली होती. हाँगकाँगच्या २०१९ च्या चाचणीत असा गट होता आणि तिथं ०.०५ टक्क्याचे थेंब सर्वांत प्रभावी ठरले. २०२३ मध्ये अमेरिकेत १८७ मुलांवर दोन वर्षं तपासलं, तर ०.०१ टक्क्याच्या थेंबांत आणि औषध नसलेल्या थेंबांत फरक आढळला नाही. ही मुलं आणि आशियाई मुलं यांच्यात फरक असेल, तो शोधायला हवा. पण एक गट वगळल्यामुळे किती मुलांच्या डोळ्यांत किती वर्षं रोज रात्री थेंब पडले!

आता पैशाचा मुद्दा, कारण सार्वजनिक प्रश्न खरा तिथं आहे. मावशीला होतं त्या इंजेक्शनाचंच घ्या. २००५ च्या सुमारास मायामीच्या फिलिप रोझेनफेल्ड यांनी आतड्याच्या कर्करोगावरचं बेव्हॅसिझुमॅब हे औषध अगदी थोड्या मात्रेत डोळ्यात देऊन पाहिलं. त्याच कंपनीचं रॅनिबिझुमॅब हे खास डोळ्यासाठीचं औषध तेव्हा यायच्या बेतात होतं. अमेरिकेत एका मात्रेला पहिल्याचे सुमारे ५० डॉलर पडत, दुसऱ्याचे सुमारे २,०००. दोघांची समोरासमोर तुलना करण्यात कंपनीला काहीच मिळणार नव्हतं, झालं तर नुकसान. म्हणून अमेरिकेच्या सरकारी राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या पैशातून चाचणी झाली. २०११ मध्ये निकाल आला: वर्षभर दर महिन्याला इंजेक्शन दिल्यावर एका गटाची नजर सरासरी ८.० अक्षरांनी सुधारली, दुसऱ्याची ८.५. फरक नगण्य. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बेव्हॅसिझुमॅबला डोळ्यांसाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. एका कुपीतून बारीक बारीक सिरिंज भरताना स्वच्छतेत कसूर झाली तर डोळा जाऊ शकतो, आणि तसे प्रसंग घडलेही आहेत. म्हणजे स्वस्त औषधालाही कडक शिस्त लागतेच. पण चाळीसपट किमतीचा प्रश्न सुटला तो लोकांच्या पैशातून झालेल्या एका चाचणीमुळे. तिच्यावरचा खर्च किती पटींनी वसूल झाला असेल!

याच धर्तीचं दुसरं काम आपल्या दक्षिणेत, अरविंद नेत्र रुग्णालयांमध्ये झालं. शेतात काम करताना पात लागते, काडी जाते, बुबुळावर बुरशीची जखम होते आणि मागं पांढरं फूल राहतं. हा आजार गरिबांचा, त्यामुळे औषध कंपन्यांचं त्याकडे लक्ष कमी. नॅटामायसिन हे जुनं औषध होतं. व्होरिकोनॅझोल नवं, जास्त नावाजलेलं. नवं ते चांगलं असं वाटून अनेकजण त्याकडे वळू लागले होते. ३२३ रुग्णांवर तुलना झाली, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि जुन्यानं बाजी मारली. तीन महिन्यांनी नॅटामायसिन दिलेल्यांना तक्त्यावर जवळजवळ दोन ओळी जास्त वाचता येत होत्या. बुबुळाला भोक पडण्याचं किंवा नवं बुबुळ बसवावं लागण्याचं प्रमाणही कमी होतं. चाचणीवर देखरेख ठेवणाऱ्या समितीनं निकाल स्पष्ट दिसताच चाचणी वेळेआधी थांबवली.

पण प्रत्येक चाचणी चांगलीच असते असं म्हणायची माझी तयारी नाही. तिनं काय मोजलं, हे विचारायलाच हवं. नजर मोजण्याचा तक्ता साधा दिसतो: प्रत्येक ओळीत पाच अक्षरं, खाली उतरताना ठरावीक प्रमाणात लहान होत जाणारी. मावशी त्या खोलीत बसायची तेव्हा तपासनीस बाई म्हणायच्या, “दिसत नसलं तरी अंदाजानं सांगा.” आपल्या माणसाला नवं औषध मिळतंय हे त्या बाईंना ठाऊक असेल, तर त्यांचा आवाज नकळत थोडा आर्जवी होईल, “अजून एक प्रयत्न करा” म्हणतील, आणि तेवढ्यात दोन अक्षरं वाढतील. म्हणूनच मोजणाऱ्याला गट माहीत नसावा असा नियम असतो. काही चाचण्यांत तर सुईविना सिरिंज डोळ्यावर टेकवून इंजेक्शन दिल्याचा भास निर्माण करतात, रुग्णालाही कळू नये म्हणून.

हे सगळं सांभाळूनही मोजण्याची वस्तूच चुकीची असली तर? पडद्याच्या कोरड्या झिजेवर अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालेलं पेगसेटाकोप्लान हे इंजेक्शन पाहा. झिजलेल्या डागाची वाढ ते मंदावतं, हे छायाचित्रांत मोजता आलं. दोन वर्षांत रुग्णांच्या दिसण्यात मात्र फरक आढळला नाही. त्याच पुराव्यावर युरोपच्या औषध नियामकांनी २०२४ मध्ये परवानगी नाकारली. मला युरोपचा निर्णय पटतो. वर्षानुवर्षं डोळ्यात सुई टोचून घ्यायची तर रुग्णाला काहीतरी दिसायला हवं; छायाचित्रातला डाग लहान राहिला याचं समाधान डॉक्टरांचं. याउलट आरपीई६५ जनुकाच्या दोषामुळे लहानपणापासून अंधारात चाचपडणाऱ्यांसाठी जनुकीय उपचार तयार झाला, तेव्हा संशोधकांनी अक्षरांच्या तक्त्यावर भिस्त ठेवली नाही. जमिनीवर बाण आणि अडथळे मांडून त्यांनी एक वाट तयार केली. निरनिराळ्या उजेडात, अगदी अंधुक प्रकाशातही, न अडखळता ती चालता येते का, हे पाहिलं. फक्त ३१ जणांची चाचणी, पण तिनं तेच मोजलं जे त्या मुलांना हवं होतं. २०१७ मध्ये त्या उपचाराला मंजुरी मिळाली.

आणि संशोधनाचं सोंगही असतं. फ्लोरिडातल्या एका खासगी क्लिनिकमध्ये तीन वृद्ध महिलांच्या पोटावरच्या चरबीतून काढलेल्या पेशी ‘मूळपेशी उपचार’ म्हणून त्यांच्या दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्या गेल्या. प्रत्येकीनं ५,००० डॉलर मोजले होते. चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत त्याची नोंद होती, त्यामुळे आपण संशोधनात भाग घेतोय असा त्यांच्यापैकी काहींचा समज झाला होता. तिघींचीही दृष्टी जवळपास गेली. २०१७ मध्ये हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात आलं. तुलनेसाठी गट नव्हता, रुग्णाकडूनच पैसे घेतले होते आणि दुसरा डोळा राखून ठेवला नव्हता. यातली एकही गोष्ट दिसली तर संमतिपत्र टेबलावर ठेवून उठावं. माझ्या ‘प्रयोग नको’ या वाक्याची खरी जागा तिथं होती.

चिठ्ठी टाकून उपचार ठरवणं अमानुष आहे, हा आक्षेप मला आता पटत नाही. उत्तर ठाऊक असताना चिठ्ठी टाकणं अमानुष; ठाऊक नसताना ठाऊक असल्याचा आव आणणं त्याहून वाईट. पण संमतीबद्दलचा आक्षेप मी पूर्ण मान्य करते. वर सांगितलेल्या २०१० च्या प्राणवायू चाचणीवर पुढं टीका झाली ती याच मुद्द्यावर: बाळाच्या आईवडिलांना अंधत्वाचा आणि मृत्यूचा धोका पुरेसा स्पष्ट शब्दांत सांगितला नव्हता, असं २०१३ मध्ये सरकारी यंत्रणेनंच म्हटलं. चाचणी उपयोगी होती म्हणून ही उणीव माफ होत नाही. चार पानी संमतिपत्रात पहिल्या पानावर, रुग्णाच्या भाषेत, काय माहीत नाही आणि काय गमावू शकता हे लिहिलेलं असलं पाहिजे. चाचणीमुळे अपाय झाला तर उपचार फुकट मिळाला पाहिजे. औषध गुणकारी ठरलं तर ज्यांच्या डोळ्यांवर ते तपासलं गेलं त्यांना ते परवडेल अशा दरात मिळालं पाहिजे. गरिबांचे डोळे वापरायचे आणि औषध श्रीमंतांना विकायचं, हे चालता कामा नये. आणि निकाल, मग तो कंपनीला नकोसा का असेना, प्रसिद्ध झालाच पाहिजे.

तो सर्वांत आधी कळायला हवा भाग घेणाऱ्यांना. मावशीच्या उजव्या डोळ्यातही पुढं पाणी आलं. या खेपेला चाचणी दुसरी होती, दोन औषधांची तुलना करणारी; रुग्णालयही दुसरं होतं. सगळी पानं आम्ही दोघींनी बसून वाचली, तिनं तीन प्रश्न विचारले, आणि सही केली. दोन वर्षं ती दर महिन्याला जात राहिली, पावसात, सांधे धरलेले असताना, अंदाजानं अक्षरं सांगत. चाचणी संपून आता बराच काळ लोटला. त्या वेळी घेतलेला फोन नंबर त्यांच्याकडे आहे, पत्ता आहे. पत्र आलेलं नाही. परवा ती म्हणाली, “अगं, त्या दोन औषधांतलं चांगलं कुठलं निघालं, ते कळलं का काही?”